भरती बघितल्याशिवाय सही नाही

मी नववीपर्यंत शिकलेय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कोणी ना कोणी विचारतंच, आणि उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याच्या तोंडावर जे बारीक समाधान पसरतं ते मला आता बघायचं नसतं. दहावीची शाळा गावापासून अकरा किलोमीटर, आई अंथरुणावर, आणि तीन भावंडांत भाकरी थापता येणारी मी एकटी. एवढीच गोष्ट आहे. तिच्यात रडण्यासारखं काही नाही.

परभणीच्या पुढच्या त्या गावातून मी न्हावा शेव्याला आले ती लांबच्या एका मामीच्या ओळखीनं, कंटेनरच्या यार्डात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. बंदरातून सुटलेले कंटेनर आमच्या यार्डात येतात, तिथं उघडतात, तपासतात, आणि मग ज्याचा माल त्याच्या ट्रकवर चढतो. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो दोन कंटेनरांच्या फटीतून, आणि तेव्हा वाटलं की हे पाणी कोणीतरी उभं करून ठेवलंय. चिठ्ठ्यांवरून मी गेटच्या नोंदीला गेले, नोंदीवरून ऑफिसात कागद स्कॅन करायला. आणि तिथं मला चाचा भेटले.

चाचा रेवदंड्याचे. आधी बोटीवर होते, मग यार्डातले कॉम्प्युटर सांभाळायचे. सगळे कागद ज्या मोठ्या मशीनमध्ये जमा होतात तो सर्व्हर त्यांच्या ताब्यात. त्यांना हाताखाली एक माणूस पाहिजे होता, आणि ऑफिसात पदवीवाली दोन पोरं असताना त्यांनी मला निवडलं. मी विचारलं, "मीच का, चाचा?"

"मला हुशार माणूस नको, बेटी. हुशार माणूस एकदा बघतो आणि उठून जातो. तू तीनदा बघतेस."

ते खरं होतं. मी घाबरट आहे. खोलीला कुलूप लावलं की मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, परत येते, ओढून बघते, पुन्हा जाते, पुन्हा येते. माझी घरमालकीण, जिला मी मावशी म्हणते, ओट्यावर बसून हे रोज बघते. ती इथली आगरी. खारजमिनीत भात आणि बांधावर मासळी, असं आयुष्य गेलेली. "त्या कुलपाला चोर कशाला पायजे," ती म्हणते. "तुज्या वढन्यानंच तुटल एक दिस."

माझ्या या भीतीची गावाकडं थट्टा व्हायची. तिचा कोणाला उपयोग होईल असं चाचांच्या आधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी कुठल्या शब्दांत सांगू ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून त्यांनी मला काय शिकवलं तेच सांगते.

त्यांनी मला यूमास्क शिकवलं.

सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर टाईप करायची ती एक आज्ञा आहे. मशीनमध्ये कुठलीही नवी फाईल तयार होते तेव्हा तिला कोण वाचणार, कोण तिच्यात लिहिणार, हे त्याच क्षणी ठरतं. तीन दारं असतात. एक मालकाचं, एक मालकाच्या गटाचं, एक बाकी सगळ्या जगाचं. कुठल्या दारातून काय काढून घ्यायचं ते यूमास्क सांगतं. आमच्या यार्डाचा आकडा होता ०२७. शून्य म्हणजे मालकाचं काही काढू नका. दोन म्हणजे गटाचं लिहिणं काढा, वाचणं राहू द्या. सात म्हणजे बाकीच्यांचं सगळं काढा. कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या प्रत्येक एजंटचा एक गट होता, त्याचा एक फोल्डर होता. एजंटला स्वतःचे कागद दिसावेत, दुसऱ्याचे दिसू नयेत, एवढ्यासाठी हे तीन आकडे.

पहिल्या महिन्यात मी यात काशी केली. काय द्यायचं ते सांगायचं असतं असं धरून मी ७५० टाकलं. मालकाला सगळं, गटाला वाचणं, बाकीच्यांना शून्य, असा माझा हिशेब. मशीननं ते काढून घ्यायचं म्हणून वाचलं. सकाळपासून स्कॅन केलेला एकही कागद स्कॅनवाल्यांना स्वतःला उघडेना, आणि बाकीचं सगळं जग तो वाचू शकत होतं, वर त्यात लिहूही शकत होतं. चाचा खुर्चीत मागं रेलून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मालक बाहेर, गाव आत. असं आमच्या एका निकाहात झालं होतं. नवऱ्यालाच मंडपात घेईनात."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून दोन छापील पानं काढून मला दिली. इंग्रजीत. ते म्हणाले, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं असतात, पण आज्ञा सगळीकडं सारखी वागावी म्हणून त्या लोकांनी मिळून एक मानक लिहिलंय. यूमास्क कसं वागलं पाहिजे याची ही पानं. "साहेब सांगतील ते ऐक. पण आधी कागद काय सांगतो ते वाच. साहेब बदलतात."

मला ती दोन पानं वाचायला दोन महिने लागले. शब्दकोश घेऊन, पेन्सिलीनं, ओळीवर मराठी लिहीत. कधी एका दिवसात दोन ओळी, कधी एकाच ओळीला दोन-तीन दिवस. काही ओळी चाचांनी समजावल्या, काहींना ते म्हणाले, "ही मलाही पहिल्यांदाच कळली." आकड्यांऐवजी अक्षरांनीही सांगता येतं हे मला त्यात सापडलं, आणि अक्षरांत सांगताना उलट असतं, काय ठेवायचं ते लिहायचं. म्हणजे ही चूक करणारी मी पहिली नव्हते. दोन्ही रीती मानकातच शेजारी बसलेल्या होत्या. मला फार बरं वाटलं. शाळेत प्रश्न विचारला की बाई म्हणायच्या, पुढं येईल. ही दोन पानं काही पुढं ढकलत नव्हती. जे होतं ते तिथंच लिहिलेलं होतं, फक्त मी हळू होते.

चाचा निवृत्त होऊन रेवदंड्याला गेले. त्यांच्या जागी माणूस घेतला नाही. काम माझ्याकडं आलं, पद 'सहायक' राहिलं, आणि करार अकरा अकरा महिन्यांचा. माझी तक्रार नव्हती. मी रोज सकाळी आठला जायचे, सर्व्हरला यूमास्क विचारायचे, तो ०२७ म्हणायचा, मी चहा घ्यायचे.

आता माझी चूक सांगते. चाचा गेल्यावर दोन महिन्यांनी ऑफिसनं नवं स्कॅनिंग बसवलं. ते बाहेरच्या पुरवठादाराचं होतं आणि ज्या फाईलीवरून ते चालू होतं त्या सुरुवातीच्या फाईलीला हात लावायचा नाही असं मला साहेबांनी बजावलं होतं. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. मी हात लावला नाही. पण नुसतं डोळ्यांनी बघायला कोणाची बंदी नव्हती आणि मी बघितलंही नाही. मी रोज जुन्या दाराची कडी ओढून बघत होते, आणि कागद नव्या दारानं येत होते. तीनदा बघणारी म्हणून घेतलेली बाई, चुकीच्या दारासमोर उभी.

एक दिवस एका एजंटचा माणूस दुसऱ्याचं बीजक मोबाईलवर फोटो काढून घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये आला. तो भला माणूस, म्हणाला, "मला ह्याचं दिसतंय म्हणजे माझं पण कोणाला तरी दिसत असणार." त्याच दुपारी मी जुन्या फाईली एकेक करून बंद केल्या. यूमास्क जन्माच्या वेळी काम करतं, जन्मलेल्याला त्याचा उपयोग नाही. पण नव्या फाईली नव्या स्कॅनिंगमधून उघड्याच जन्मत होत्या, आणि ती फाईल माझ्या हातात नव्हती. मी साहेबांना सांगितलं की त्या सुरुवातीच्या फाईलीत एक ओळ घालायला पाहिजे.

"तू राहू दे," साहेब म्हणाले. "तपासणीवाल्यांना बोलावलंय. ते बघतील."

आठवड्याभरानं पुण्याहून एक तरुण आला. नीट भांग, पाठीला बॅग, मला "मॅडम" म्हणणारा. ऑफिसात मला कोणी मॅडम म्हणत नाही, त्यामुळं पहिला अर्धा तास मी त्याच्यासाठी जीव टाकायला तयार होते. त्यानं त्याचा प्रोग्राम सर्व्हरवर लावला. प्रोग्राम एकेका फोल्डरपाशी जाऊन यूमास्क ०२७ चालवत होता आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत पास, पास, पास येत होतं. मी मागं उभी राहून बघत होते. मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना.

साडेचारला त्यानं छापील तक्ता काढला. आज्ञा मानकाप्रमाणे उपलब्ध: होय. सर्व फोल्डरवर चालवली: होय. नव्या फाईलींच्या परवानग्या सुरक्षित: होय. खाली एक रेघ, आणि रेघेखाली माझं पूर्ण नाव टाईप केलेलं, वडिलांच्या नावासकट. त्याच्याखाली कंसात 'प्रणाली-जबाबदार व्यक्ती'.

त्या ऑफिसच्या कुठल्याही कागदावर मी तोपर्यंत जबाबदार नव्हते.

"सही कर गं पटकन," साहेब म्हणाले. "त्याला गाडी पकडायचीय."

"उद्या सकाळी करते, साहेब. डोळे दुखतायत."

हे खोटं होतं. साहेब वैतागले. तो तरुण म्हणाला, ठीक आहे, मी आज इथंच मुक्काम करतो, मला उद्या अलिबागला पण एक काम आहे. मी बॅग उचलून निघाले.

मावशी ओट्यावर जवळा निवडत बसली होती. सुपात लाल-पांढरा ढीग, मांजर एका हाताच्या अंतरावर.

"काय झाला गो? तोंड कशापायी उतरलाय?"

"सही मागतायत, मावशी."

तिचा हात थांबला. "जमनीची?"

बंदरापायी जमिनी गेलेल्या या भागात कोणी सही मागितली की ती जमिनीचीच असते. मी म्हटलं, "माझी कुठली जमीन? कॉम्प्युटरची."

"मंग दे करून. कॉम्प्युटर काय कोनी बळकावत न्हाय." आणि मांजराला म्हणाली, "सरक, तुजा बाप आला व्हता का पकराला."

मी तिला जमेल तसं सांगितलं. कागदावर लिहिलंय की दार बंद केलं. दार आहे. पण ते खरंच बंद झालंय का, मला माहीत नाही. मावशीनं सूप बाजूला ठेवलं.

"आमच्या उघाडीची गोष्ट तुना सांगितली का न्हाय मी?"

उघाडी म्हणजे खाऱ्या बांधातलं दार. भातशेतीच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध असतो, त्यात पाणी जायला एक मोरी, आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की समुद्र स्वतःच झडपेला दाबून बंद करतो. माणूस तिथं असायला लागत नाही. सगळा गाव झोपला तरी ती आपलं काम करते.

मावशीच्या गावच्या उघाडीची झडप कुजली तेव्हा नवी बसवायला ठेकेदाराचा माणूस आला. लाकूड चांगलं, माप बरोबर, बिजागऱ्या नव्या. बसवून झाल्यावर तो कागद घेऊन घरोघर फिरला, काम पूर्ण झाल्याच्या सह्या मागत. पाच पुरुषांनी केल्या. मावशीनं नाही केली. जुन्या लोकांची रीत होती: नवी उघाडी बसली की कोणीतरी एकानं बांधाच्या आतल्या बाजूला बसून एक भरती बघायची. त्याशिवाय ती बसली असं म्हणायचं नाही.

"मी डबा घेऊन बसलू ना बांधावर," मावशी म्हणाली. "तो मानूस म्हनतो, आये, घरी जा, ऊन लागल. मी बोल्लू, तुना लागतंय तर तू जा. मंग भरती लागली. आनि काय सांगू तुना, पान्यानं ती झडप अशी उचलली, नव्या नवरीनं पदर उचलावा तशी. सगला खारा पानी शेतान."

"झडप वाईट होती?"

"झ्याक झडप व्हती. पन शेताच्या अंगाला टांगलेली. मेल्यानं बांधाच्या आतनं लावलेली ती." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "कागदावं दार हाय, जाग्यावं दार हाय. दर्याला मातर दार न्हाय."

मी उठले. खोलीत ट्रंक उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून ती दोन पानं काढली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती. मी दुसऱ्या पानावर मधे कुठंतरी बोट ठेवत गेले आणि सापडलं. काय खटकत होतं ते सापडलं. ती ओळ मी दोन वर्षांपूर्वी अडीच दिवस वाचली होती.

तिच्यात लिहिलंय: यूमास्क वेगळा प्रोग्राम म्हणून चालवलं, तर बोलावणाऱ्याच्या परवानग्यांत काही बदल होत नाही. आणि खाली उदाहरणं दिलीयत, असं असं चालवलं तर. त्यातलं एक उदाहरण हुबेहूब त्या तरुणाचं होतं: फोल्डरांतून फिरत फिरत एकेका ठिकाणी यूमास्क चालवणं.

बोलावलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक भाड्याची खोली. तो येतो, स्वतःच्या खोलीची कडी लावतो, आणि काम झालं की खोलीसकट नाहीसा होतो. तुमच्या घराचं दार होतं तसंच. मानकानं या आज्ञेचा एक वेगळा प्रोग्रामही मशीनवर असावा असं म्हटलंय म्हणून तो असतो. आमच्या सर्व्हरवरचा मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघितला. दोन ओळी. मानकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर, आणि आमच्या कामाला शून्य.

तरी मला धीर नव्हता. एका बाजूला हिरवे पास, पुण्याची पदवी, साहेब. दुसऱ्या बाजूला पेन्सिल. मी चहाच्या टपरीमागं जाऊन चाचांना फोन लावला. मागं कोंबड्या ओरडत होत्या. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी बरोबर आहे ना?"

"कागद तुझ्याकडं आहे ना?"

"आहे."

"मग मला कशाला विचारतेस? मी काय कागदापेक्षा मोठा आहे?" मग म्हणाले, "घाबरलीस?"

"हो."

"चांगलं आहे. घाबरूनच जा. पण जा."

मी गेले. केबिनमध्ये साहेब, तो तरुण, आणि टेबलावर तक्ता. पेन उघडून ठेवलेलं.

"झाले का डोळे बरे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, सही करायच्या आधी एक कागद स्कॅन करून बघू या का? एकच."

"कशाला?"

"नवी फाईल कशी जन्मते ते बघायला."

तो तरुण नम्रपणे म्हणाला, "मॅडम, टूल पास दाखवतंय. ही स्टँडर्ड युटिलिटी आहे. स्टँडर्डप्रमाणे सिस्टीमवर आहे, आणि आपण ती प्रत्येक फोल्डरवर चालवलीय."

"आहे ना. नाही कुठं म्हणतेय मी. पण ती आपल्याच खोलीत चालली आणि गेली. स्कॅनिंगला तिचा पत्ताही नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नववी शिकलेली पोरगी आता इंजिनियरला शिकवणार."

हे येणार हे मला माहीत होतं. रस्ताभर मी त्याला उत्तरं तयार करत आले होते आणि त्यातलं एकही तोंडात आलं नाही. जे आलं ते असं:

"नववीपर्यंतची मराठी मला येते, साहेब. जबाबदार म्हणजे काय ते नववीच्या आधीच शिकवतात. इथं माझ्या नावाखाली तो शब्द लिहिलाय."

"तुझा करार महिनाअखेरीला संपतोय. लक्षात आहे ना?"

"आहे."

मी पिशवीतून दुसरं पान काढलं, त्या तरुणासमोर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं. त्यानं एकदा वाचलं. मग खुर्ची पुढं ओढून पुन्हा वाचलं. मग पेन्सिलीतली मराठी वाचली, ती त्याला कदाचित जास्त लवकर कळली. त्याचे कान लाल झाले.

"हे कुठून मिळालं तुम्हाला?"

"खणातून."

साहेब म्हणाले, "काय आहे त्यात?"

"सर," तो म्हणाला, "एक कागद स्कॅन करून बघू या."

भिंतीवर कँटीनच्या आठवड्याचा तक्ता टांगलेला होता, तोच मी काढून घेतला आणि एका एजंटच्या फोल्डरमध्ये स्कॅन केला. मग दुसऱ्याच एजंटच्या नावानं तपासणीसाठी ठेवलेल्या खात्यातून आत शिरले आणि फाईलवर क्लिक केलं. सोमवार, वांगं-बटाटा. मंगळवार, मटकी. सगळं स्वच्छ दिसत होतं.

बाहेर एक ट्रेलर मागं येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली.

"बुधवारी परत वांगं आहे का?" त्या तरुणानं विचारलं. साहेबांना हसू आलं आणि ते त्यांना आवडलं नाही.

पुढचं सोपं होतं, आणि तेच मी आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. साहेबांनी पुरवठादाराला फोन लावला. त्याच्या परवानगीनं स्कॅनिंगच्या सुरुवातीच्या फाईलीत, पहिल्या कामाच्या आधी, मी एक ओळ लिहिली. यूमास्क ०२७. स्कॅनिंग बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे ते त्याच ओळीतून जन्माला येईल आणि त्याच्यातून जन्मणारं सगळं तसंच येईल. कँटीनचा तक्ता पुन्हा स्कॅन केला. ज्या एजंटचा फोल्डर, त्याच्या खात्यातून उघडला: वांगं-बटाटा दिसलं. दुसऱ्याच्या खात्यातून उघडला: परवानगी नाही.

मी ते तीनदा करून बघितलं. कोणी घाई केली नाही.

मग मी छापील तक्ता ओढून घेतला. 'सर्व फोल्डरवर चालवली' ही ओळ खोडली आणि तिच्या वर, मराठीत, लिहिलं: "वेगळी चालवून काही बदलले नाही. स्कॅनिंगच्या सुरुवातीला लावल्यावर नवी फाईल इतरांना उघडत नाही. स्वतः बघितले." आणि सही केली. नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"हे खाडाखोड केलेलं वर कसं पाठवू?" साहेब म्हणाले. "नवीन टाईप करू, ती वाक्यं काढून. मग कर सही."

"ती वाक्यं असली तर करते, साहेब."

मी उभीच होते. खाडाखोडीचाच कागद गेला. जाताना त्या तरुणानं दोन्ही पानांचे फोटो काढले, पेन्सिलीच्या मराठीसकट, आणि म्हणाला, "येतो, ताई." मॅडमपेक्षा मला ते जड वाटलं, चांगल्या अर्थानं.

महिनाअखेरीला करार वाढवून मिळाला. अकराऐवजी तीन महिन्यांचा. साहेब म्हणाले, पुढचं पुढं बघू. मी कागद वाचला, सगळा वाचला, मग सही केली. तीन तर तीन. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी ती दोन पानं माझ्या ट्रंकेतच असतील, ऑफिसच्या खणात नाही. ती मला कोणी शाळेत दिली नव्हती, म्हणून कोणी शाळेचं कारण सांगून काढूनही घेऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी मावशीनं जवळ्याचं कालवण केलं होतं, वाटीभर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं.

"दिलास का आंगठा?"

"दिला. भरती बघून."

"खारा पानी?"

"थेंब नाही, मावशी."

"मंग जेव," ती म्हणाली.

आता रोज सकाळी आठला मी यूमास्क विचारत नाही. मी एक कोरा कागद स्कॅन करते आणि दुसऱ्याच्या खात्यातून तो उघडायचा प्रयत्न करते. परवानगी नाही, असं येतं. मग मी चहा घ्यायला जाते. दारापर्यंत जाऊन एकदा परत येते, ते वेगळं.